कलावतीबाईंच्या माटोळीतली चिपी

कलावतीबाईंनी कादंबरी लिहिली ती छताकडे बघून. बाकीचे लेखक कुठे बघून लिहितात मला ठाऊक नाही. मी एकच लेखिका जवळून पाहिली आणि तिची वही तीनदा स्वतःच्या हाताने उतरवून काढली. इतरांचं कसं असतं ते इतरांना विचारा.

डोंबिवलीत आम्ही एकाच चाळीत समोरासमोर राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून चाळ मला मास्तरीणबाई म्हणे. त्या मात्र पहिल्या दिवसापासून विमलाबाई म्हणाल्या आणि मीही त्यांना अगं-तुगं कधी केलं नाही, जरी माझ्यापेक्षा त्या चार वर्षांनी लहान होत्या. त्यांच्या बोलण्यात एक हेल होता आणि कपाळाला कुंकू जरा मोठं असायचं. कुठल्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गोव्याच्या. म्हणजे परदेशातल्या." मला वाटलं थट्टा करताहेत. पण तेव्हा खरोखरच तसं होतं. माणसं आपल्यासारखीच, मराठी वाचणारी, भाद्रपदात गणपती आणणारी, आणि राज्य पोर्तुगीजांचं. त्यांचे यजमान आनंदराव यांनी शेहेचाळीस साली तिथे चळवळीची पत्रकं वाटली होती. पकडायला शिपाई निघाले तशी दोघं नेसत्या वस्त्रानिशी सरहद्द ओलांडून इकडे आली. आनंदरावांना कल्याणला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली. परत गेलं असतं तर तुरुंग होता, म्हणून परत जायचं नव्हतं. गावी आई होती, भाऊ गोविंदा होता, भावजय होती, आणि नदीकाठचं घर होतं. ह्या सगळ्यांचं पुढे काय झालं हे कळायला पत्राशिवाय मार्ग नव्हता, आणि पत्रं तिकडचे सरकारी लोक फोडून वाचत.

सत्तेचाळीसच्या चतुर्थीला त्यांनी खोलीत गणपती आणला आणि मूर्तीच्या वर छताला बांबूची एक चौकट टांगली. त्या चौकटीला फळं, भाज्या, रानातल्या वेली, असं काय काय बांधायला लागल्या. ही माटोळी. त्यांच्या मुलखात तिच्याशिवाय गणपती होत नाही. रानात, परसात, डोंगरावर त्या दिवसांत जे जे पिकतं त्यातलं एकेक देवाच्या डोक्यावर टांगायचं. घरोघरचे पुरुष आठवडाभर रान तुडवतात आणि कोणाच्या माटोळीत काय आहे ते बघायला गाव फिरतं. डोंबिवलीत मंडईतून दोन काकड्या, एक चिबूड आणि एक नारळ मिळाला. एवढी मोठी चौकट आणि तिच्यावर चार वस्तू. चाळीतल्या बायका दर्शनाला आल्या, वर बघून तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले, ते कबूल करते.

कलावतीबाई हसल्या नाहीत. विसर्जन झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही मागून नेली आणि पहिल्या पानावर माटोळीत जे नव्हतं ते लिहून काढलं. सुपारीचं शिपटं. तोरिंजन. आंबाडे. नीरफणस. अशी पंधरा-सोळा नावं झाली. मग एकेका नावाखाली लिहायला लागल्या. सुपारीखाली वडिलांची बाग आली, बागेतल्या पाटाच्या पाण्यावरून दोन चुलत्यांत झालेलं भांडण आलं. तोरिंजनाखाली एक विधवा आत्या आली, जी ते लिंबाच्या जातीचं फळ चोरून मिठाशी खायची आणि कोणी बघितलं तर रडायची. लिहायच्या दुपारी, आनंदराव कचेरीत आणि इथे आल्यावर झालेला मुलगा झोपलेला असताना. मधेच थांबून वर बघायच्या. चौकट त्यांनी उतरवलीच नव्हती, वर्षभर रिकामी लटकत असायची. घरमालकाने एकदा ती काढायला सांगितली, तर म्हणाल्या, छताचं भाडं आम्ही देतो.

शिक्षण म्हणाल तर देवळातल्या पंतोजीकडे मराठी आणि पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता. अक्षर असं, की आनंदरावांनाही लागायचं नाही. म्हणून उतरवून देण्याचं काम मी पत्करलं. पहिलं प्रकरण उतरवताना मी मनातल्या मनात चुका काढत होते. तिसऱ्या प्रकरणाला मी जेवायची राहिले.

दुसऱ्या वर्षी बायजा आली. जवळच्या खाडीकाठच्या कोपर गावची, मिठागरात राबलेल्या घरातली, आमच्या चाळीत भाजी आणि सुकी मासळी घेऊन यायची. दारातून तिने ती रिकामी चौकट बघितली आणि पाटी खाली ठेवून आत शिरली.

"काय गो बाय, ह्या काय लटकवलंस? वाळत घालाला?"

कलावतीबाईंनी समजावून सांगितलं. बायजाने ऐकून घेतलं आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटीभर रान आणून ओतलं. मलंगगडाच्या बाजूला कोणी नातेवाईक होता, त्याच्याकडून कवंडळाची लाल रानफळं आणली होती. परसातला दोडका होता, पडवळ होतं. आणि तळाशी दहा-बारा हिरवी गोल फळं होती, देठाशी चांदणीसारखी पाकळी असलेली. खाडीच्या चिखलात जी झाडं उभी असतात त्यातल्या चिपीची फळं. कलावतीबाई म्हणाल्या की ही नाही टांगत.

"टांग गो. गोल हाय, हिरवी हाय. तुजे देवाला काय, हिरवा आसला म्हंजे झाला."

आणि तिने स्टुलावर चढून, सुंभाचं एक टोक दातात धरून, दुसऱ्या टोकाने एकेक चिपी बांधून टाकली. त्यानंतर दर वर्षी बायजा आणि चिपी हे ठरून गेलं. चौकट भरत चालली आणि वहीतली यादी कमी कमी होत गेली. चाळीतल्या बायका आता दर्शनाला यायच्या त्या मुकाट्याने वर बघायच्या. कोणी कोणी घरचं काही आणूनही द्यायच्या.

छप्पन साली कादंबरी पुरी झाली. ठाण्याला खोपटच्या रस्त्यावर त्र्यंबकरावांचा छापखाना होता. पंचांगं आणि लग्नपत्रिका छापता छापता ते वर्षाकाठी एखादं पुस्तकही काढत. त्यांच्याकडे आम्ही दोघी वही घेऊन गेलो. त्यांनी वाचून सांगितलं की लिखाण चांगलं आहे, पण गोव्याचं पुस्तक आहे तर त्यात एखादा क्रांतिकारक हवा, गोळीबार हवा, सत्याग्रहींवर आत्ताच एवढा अत्याचार झाला, लोकांना तेच वाचायचं आहे. कलावतीबाई म्हणाल्या, "क्रांतिकारक माझ्या घरी आहे. तो सकाळी नळावरून पाणी आणतो. त्याच्याबद्दल लिहायचं तर तुम्ही लिहा." त्र्यंबकराव हसले आणि तो मुद्दा सोडला.

दुसरा मुद्दा नावाचा होता. गोविंदाने कोणाच्या तरी हाती निरोप धाडला होता की छापायचंच असेल तर नाव घालू नकोस, "एक भगिनी" असं घाल, इथे आम्हांला राहायचं आहे. त्याची भीती खोटी नव्हती. कलावतीबाईंनी दोन दिवस विचार केला आणि माहेरचं नाव, गावाचं नाव, नदीचं नाव बदलून टाकलं. स्वतःचं नाव मात्र ठेवलं. म्हणाल्या की आत्याचं, आईचं, सगळ्यांचं चव्हाट्यावर मांडायचं आणि आपण पडद्याआड बसायचं, हे मला जमणार नाही.

मग आले महिपतराव. कल्याणात गोवेकरांचं एक मंडळ होतं, त्याचे हे अध्यक्ष. तीस वर्षांपूर्वी इकडे आलेले, भारदस्त, पांढरीशुभ्र टोपी घालणारे. त्र्यंबकरावांचं म्हणणं असं की महिपतरावांची प्रस्तावना असली आणि मंडळाच्या मेळाव्यात प्रकाशन झालं तर पुस्तक गोवेकरांच्या घराघरांत जाईल. नाहीतर एका अनोळखी बाईचं पुस्तक कोण हातात धरणार? म्हणून मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, त्यांच्याकडे गेली. पंधरा दिवसांनी प्रस्तावनेऐवजी पत्र आलं. ते मी वाचून दाखवलं, त्यामुळे अजून पाठ आहे.

"पृष्ठ एकशे बारावर लेखिकेची आई माटोळीला चिपीचे फळ बांधते असे वर्णन आहे. आमच्या मुलखात चिपी खाजणाच्या चिखलात कुजते, देवाच्या डोक्यावर जात नाही. घर सोडून फार दिवस झाल्याने लेखिकेला घर आठवत नाहीसे झाले आहे. सबब हा मजकूर काढावा, आणि संपूर्ण पुस्तक जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. त्यानंतरच मंडळ विचार करील."

मी पटकन म्हणून गेले, तीनच ओळी आहेत, टाका काढून. मला खरंच तसं वाटलं. एवढ्या आठ-नऊ वर्षांच्या कष्टांपुढे तीन ओळींचं काय एवढं?

कलावतीबाईंचा चेहरा उतरला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या हातून पान घेतलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं. "पण मला दिसतंय हो," म्हणाल्या. "आई स्टुलावर उभी आहे. सुंभाचं टोक दातात आहे. चिपी हातात आहे."

 मग पान मांडीवर ठेवून म्हणाल्या, "विमलाबाई, आईचे पुढचे दात मी सहा वर्षांची असतानाच पडले होते."

तीन दिवस त्यांनी वहीला हात लावला नाही. स्वयंपाक करायच्या, मुलाला शाळेत सोडायच्या आणि येऊन चौकटीखाली बसायच्या. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला कळत होतं. एक चिपी अशी घुसली तर आणखी काय काय घुसलं असेल? आत्याचं रडणं आत्याचंच होतं, की चाळीतल्या कोणा बाईचं? वडिलांच्या बागेतल्या पाटाचा आवाज तिथला, की आमच्या नळाचा? पुस्तक सोडा, घरच हातातून गेलं की काय, ह्या विचाराने त्या बाईची झोप उडाली होती. मला माझ्या "टाका काढून"ची लाज वाटली.

चौथ्या दिवशी बायजा बोंबील घेऊन आली. कलावतीबाईंनी तिला समोर बसवलं आणि झालं ते सगळं सांगितलं. बायजाला गंमत वाटली. म्हणाली, तुझी आई आणि मी एकच झालो की मग. एवढं बोलून ती बोंबील निवडायला लागली. कलावतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, तोंड धुतलं, नवं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या की शाळेला उद्या सुट्टी घ्या, ठाण्याला जायचं आहे.

छापखान्यात त्र्यंबकरावांनी महिपतरावांनाही बोलावून घेतलं होतं. बहुधा समेट व्हावा म्हणून. महिपतराव खुर्चीत बसून मोठ्या प्रेमाने बोलले, म्हणाले की बायकांनी लिहावं, अवश्य लिहावं, फक्त आपल्या मातीचं लिहिताना जबाबदारी असते. मी स्वतः तपासून देतो, दोन महिन्यांत काम होईल, असंही म्हणाले.

कलावतीबाईंनी विचारलं, "तुम्ही कल्याणला किती चतुर्थ्या केल्यात?"

"तीस."

"माटोळी टांगता?"

महिपतराव जरा घुटमळले. म्हणाले की इकडे ते सामान कुठे मिळतं. आम्ही कागदाची तोरणं लावतो, शोभेला.

"म्हणजे तुमच्या माटोळीत चूक होणं शक्यच नाही," कलावतीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण यंत्राशी उभा असलेला कामगार वळून बघायला लागला. "चूक माझी झाली, कारण मी टांगली. माझ्या आईने चिपी कधी बांधली नाही, हे तुमचं खरं आहे. मी विसरले, आणि विसरले हेही मला कळलं नाही. तीन दिवस मी त्याचंच रडत होते. पण ते घर मी डोंबिवलीत बसून लिहिलं. इथली एक बाई चिखलात उतरून माझ्या देवासाठी फळं काढून आणत होती, तेव्हा माझ्या मुलखातलं एकही माणूस माझ्या दारात आलं नव्हतं. ती पुस्तकात शिरली, तर मी तिला हाकलून देऊ? चिपी राहील. आणि पुस्तक कोणी तपासणार नाही."

महिपतराव म्हणाले की मग लोक खोटं पुस्तक म्हणतील.

"खोटं नको, म्हणून पहिल्याच पानावर लिहिते," त्या म्हणाल्या. त्र्यंबकरावांच्या टाकाने तिथल्या तिथे लिहिलं. ती ओळ मी वाचली. "ह्या पुस्तकातली चिपी कोपरच्या खाडीची आहे आणि ती बांधणारे हात बायजाचे आहेत. आमच्या गावी चिपी टांगत नाहीत. मी टांगते."

महिपतराव टोपी सारखी करून उठून गेले. प्रस्तावना गेली, मेळावा गेला. आता त्र्यंबकरावही हात वर करणार असं मला वाटलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि खिळे जुळवणाऱ्याला हाक मारून सांगितलं की हे पहिल्या पानावर, मधोमध, मोठ्या टायपात घे.

सत्तावनच्या चैत्रात पुस्तक निघालं. प्रकाशन आमच्या चाळीच्या गॅलरीत झालं, आंब्याची डाळ आणि पन्हं देऊन. बायजाला वाचता येत नव्हतं. तिने पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "मी हाय का ह्याच्यान?" कलावतीबाईंनी पहिल्या पानावर तिचं बोट नेऊन ठेवलं. ते बोट तिने बराच वेळ उचललं नाही.

पुस्तक फारसं खपलं नाही, हे सांगायलाच हवं. मंडळाने हात लावला नाही. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि त्यातही लेखिकेच्या "स्मृतिदोषा"चा उल्लेख होता. महिपतरावांचाच हात असणार त्यात, माझी खात्री आहे. न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे कलावतीबाईंच्या खाटेखाली आले. त्यांनी त्यांच्यावर जुनं लुगडं टाकलं आणि दुसरी वही मागायला माझ्या दारात आल्या.

एक प्रत मात्र गेली. बोटीवर काम करणारा एक गोवेकर खलाशी मुंबईला आला होता, त्याने ती पोथीसारखी लाल कापडात बांधून ट्रंकेत टाकून नेली. पोचली की नाही ते सहा-सात महिने कळलं नाही. त्या काळात कलावतीबाई दाराशी कोणाची पावलं वाजली की दचकायच्या. गोविंदाला काही झालं असेल का, आपल्या नावाच्या हट्टापायी आईच्या दारात शिपाई गेले असतील का, हे त्या बोलून दाखवत नसत, पण मला दिसे. हट्ट केल्याचा पश्चात्ताप होतो का असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, भीती वाटते, पश्चात्ताप नाही.

अठ्ठावनच्या संक्रांतीच्या सुमाराला तोच खलाशी चाळीत आला आणि त्याने सदऱ्याच्या आतून एक कागद काढून दिला. अक्षर गोविंदाचं होतं, सांगणारी आई. कलावतीबाईंनी तो माझ्यासमोर धरला, म्हणून मी वाचलं.

"बाये, पुस्तक पोचलं. गोविंदा रोज पेज झाल्यावर वाचून दाखवतो. तू नावं बदललीस, पण आत्याला मी लगेच ओळखलं. गावची सरकारी पाटिलकी करणारा तो रेजिदोर विचारायला आला होता. मी म्हटलं, माझ्या मुलीने फळांचं पुस्तक लिहिलंय, फळांना बंदी आहे काय? मग गेला. तू लिहिलंयस की मी दातात सुंभ धरून चिपी बांधते. मला दात कुठले? आणि चिपी आपण कधी बांधली? मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. पण बाये, तू पुस्तकात लिहिलंस ते खोटं पडायला नको. ह्या चवथीला गोविंदाला खाजणात धाडलं आणि चिपी आणवली. सुंभ सुनेने दातात धरलं, गाठ मी मारली. भटाने विचारलं ही कसली नवी रीत. मी म्हटलं, आमच्या घरची आहे. गाव बघून गेलं. वाड्यातल्या आणखी दोघी पुढल्या वर्षी बांधणार म्हणतात."

 कलावतीबाई मोठ्याने रडल्या, अगदी चाळ ऐकेल अशा. आनंदराव तांब्या घेऊन धावत आले. मग त्यांनी डोळे पुसले, खाटेखाली वाकून गठ्ठा ओढला, दोरी तोडली आणि दौत-टाक घेऊन खाली बसल्या.

गठ्ठ्यातल्या पहिल्या प्रतीचं पहिलं पान उघडून त्यांनी "आमच्या गावी चिपी टांगत नाहीत" ह्या शब्दांवर सरळ रेघ ओढली. पुढचं "मी टांगते" खोडलं आणि वर लिहिलं, "आम्ही टांगतो." शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. मी माझ्या खोलीतून आणखी एक टाक आणला. संध्याकाळी बायजा आली, तिला पत्र वाचून दाखवलं, तशी तीही बसली. लिहिता येत नव्हतं म्हणून शाई वाळवायचं काम तिने घेतलं.

सगळे गठ्ठे संपायला आम्हांला चार दिवस लागले. सगळ्यात वरची प्रत कलावतीबाईंनी स्वतः कल्याणला नेऊन महिपतरावांच्या हातात दिली.